नाशिकच्या काळ्या दगडातला पांढरा कण: फेल्डस्पार ओळखण्यापासून भट्टीत वापरेपर्यंत

माझ्या भट्टीच्या एका शेल्फवर चार वाट्यांची बुडं अजून चिकटलेली आहेत. छिन्नी लावली तर शेल्फच फुटेल, म्हणून राहू दिलीत. कारण साधं होतं. गोणीवर ‘पोटॅश फेल्सपार’ छापलेलं होतं आणि आत होता सोडा फेल्डस्पार, म्हणजे पोटॅशियमऐवजी सोडियमवाला, पटकन वितळणारा. फेल्डस्पार म्हणजे ग्लेझ वितळावं म्हणून त्यात घालायचा दळलेला दगड, आणि ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप. नेहमीचा दुकानदार, नेहमीची गोणी, म्हणून मी काही तपासलं नाही. ग्लेझ वितळून ओघळलं, वाटीच्या पायापर्यंत आलं आणि शेल्फला कायमचं बसलं.

तेव्हापासून हा दगड नीट शिकायचं ठरवलं. शिकायला लागल्यावर लक्षात आलं की ज्या गावात मी राहते त्याच्या चारही बाजूंचे डोंगर फेल्डस्पारने भरलेले आहेत, आणि तरीही मला तो राजस्थानातून मागवावा लागतो. असं का, हे कळलं की निम्मा फेल्डस्पार कळला. नवीन पॉटरी करणारे, भूगोल-भूशास्त्राचे विद्यार्थी आणि ट्रेकला जाऊन दगड उचलून आणणारे, अशा तिघांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहितेय. एक सांगून ठेवते: पुस्तकांत ‘फेल्स्पार’, बिलावर ‘फेल्सपार’, बोलताना ‘स्पार’. सगळं एकच.

सुरुवात स्वयंपाकघरातल्या ओट्यापासून

डोंगरावर जायच्या आधी घरातला ओटा बघा. गुलाबी किंवा लालसर ग्रॅनाइट असेल तर काम सोपं. त्यात तीन प्रकारचे कण दिसतील. काळे चमकदार ठिपके बहुतेक अभ्रकाचे किंवा हॉर्नब्लेंडचे. राखाडी, काचेसारखे, आकार नसलेले कण म्हणजे क्वार्ट्झ, आपली गारगोटी. आणि गुलाबी, चौकोनी-आयताकृती, थोडे दुधाळ कण म्हणजे पोटॅश फेल्डस्पार. त्यांच्या शेजारी पांढरट कण दिसले तर ते बहुधा प्लॅजिओक्लेज, म्हणजे सोडियम-कॅल्शियमवाला भाऊ.

कोपऱ्यावर, जिथे दगड पॉलिश न करता तोडलेला असतो, तिथे मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा. फेल्डस्पारचा कण सपाट पातळीत तुटतो, त्यामुळे तो एकदम आरशासारखा चमकून उठतो आणि टॉर्च जरा हलवला की विझतो. क्वार्ट्झ असा चमकत नाही, तो फुटक्या बाटलीसारखा वाकडातिकडा तुटतो. ही चमक-विझ एकदा डोळ्यात बसली की आयुष्यभर पुरते. फेल्डस्पारला फुटायच्या दोन दिशा असतात आणि त्या एकमेकींशी जवळपास काटकोन करतात, म्हणून तुकडे ठोकळ्यासारखे निघतात. जर्मन नावातला ‘श्पाट’ हा शब्दही अशा सपाट पापुद्र्यांत फुटणाऱ्या दगडांसाठीच वापरला जायचा.

ग्रॅनाइटच्या दुकानात ‘ब्लू पर्ल’ नावाची निळी झाक मारणारी लादी मिळते. ती नॉर्वेहून येते, आणि ती निळाई फेल्डस्पारच्या आतल्या अतिपातळ थरांवर प्रकाश विखुरल्यामुळे दिसते. आपल्या सराफ बाजारात चंद्रकांत मणी म्हणून जो खडा मिळतो तोही फेल्डस्पारच, आणि त्याची झाकही अशाच थरांची. दुकानदाराने काचेचा दिला नसेल तर.

मग काळ्या कातळाकडे

नाशिकचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचा हा दख्खनचा कातळ. पांडवलेणी त्यातच कोरली, काळाराम मंदिर त्याच दगडाचं, गोदाघाटाच्या पायऱ्याही त्याच्याच. वरून एकरंगी काळा वाटला तरी या दगडाचा जवळपास अर्धा भाग प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार असतो. काळं दिसतं ते पायरॉक्सिन (एक गडद खनिज), लोखंडाची खनिजं आणि काच यांच्यामुळे. फेल्डस्पारचे कण इतके बारीक असतात की दहापट भिंग लावल्याशिवाय हाती लागत नाहीत.

सगळीकडे तसं नाही, आणि इथेच आपल्या जिल्ह्याची मजा आहे. इगतपुरी आणि कसारा घाटाच्या परिसरात काही लाव्हाथरांमध्ये प्लॅजिओक्लेजचे स्फटिक बोटाच्या पेराएवढे, कधी त्याहून मोठे सापडतात. भूशास्त्रज्ञ अशा थरांना ‘जायंट प्लॅजिओक्लेज बेसॉल्ट’ म्हणतात आणि त्यातल्या एकाला तर थळ घाटाचंच, म्हणजे कसारा घाटाचंच, नाव दिलेलं आहे. लाव्हा जमिनीखालच्या कोठीत बराच काळ साचून राहिला, त्या निवांतपणात स्फटिक वाढले, आणि मग सगळा माल वर आला. काळ्या दगडात पांढऱ्या-मधाळ रंगाच्या पट्ट्या वेड्यावाकड्या विस्कटलेल्या दिसतात, जणू डांबरात कुणी खोबऱ्याचे काप टाकलेत. सह्याद्रीत एका लाव्हागटाचा शेवट कुठे आणि दुसऱ्याची सुरुवात कुठे, हे ठरवताना हे थर खुणेच्या दगडासारखे वापरतात.

जायचं असेल तर पावसाळा संपल्यावर जा. दगड धुतलेला असतो आणि गवत वाळायला लागलेलं असतं. घाटरस्त्यावर गाडी थांबवून कड्याखाली उभं राहू नका. ओढ्यातले सुटे गोटे पुरेसे असतात. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे आणि अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र. दोन्हीकडे हातोडा पिशवीतून काढायचाच नाही.

गोल की सरळ: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

नाशिकच्या दगडात पांढरं दिसलं की लोक एकतर ‘गारगोटी’ म्हणतात नाहीतर ‘स्फटिक’. यातलं बरंचसं फेल्डस्पार नसतं. आपल्याकडचा बेसॉल्ट गॅसच्या बुडबुड्यांनी भरलेला होता. त्या पोकळ्यांत नंतर गरम पाणी झिरपलं आणि झिओलाइट (अशा पोकळ्यांत वाढणारी मऊशी खनिजं), कॅल्साइट (चुन्याचं खनिज), क्वार्ट्झ भरत गेलं. पांडवलेण्याजवळच्या खाणींतून निघालेले हिरवे ॲपोफिलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहांत आहेत. हे सगळे लाव्हा थंड झाल्यावर आलेले पाहुणे. फेल्डस्पार मात्र लाव्ह्यातच जन्मलेला घरचा माणूस.

म्हणून पहिला प्रश्न आकाराचा. पांढरा डाग गोल, लंबगोल, बदामासारखा असेल तर ती भरलेली पोकळी आहे, फेल्डस्पार नाही. कडा सरळ असतील, डाग पट्टीसारखा किंवा आयताकृती असेल, तर फेल्डस्पारचा संशय घ्या. सुट्टीला आलेल्या भाच्याला मी एवढंच शिकवलं होतं, आणि त्याने दहातले आठ दगड बरोबर लावले.

खात्री करायची तर पुढच्या तीन गोष्टी, याच क्रमाने.

चाकूचं पातं दाबून ओढा. झिओलाइटवर, कॅल्साइटवर ओरखडा उठतो. फेल्डस्पारची कठिणता दहाच्या मापावर ६, चाकूची साडेपाचच्या आसपास. त्यामुळे फेल्डस्पारवर उलट पात्याचीच करडी रेघ राहते. ती बोटाने पुसून बघा. पुसली गेली तर ते लोखंड होतं, ओरखडा नव्हे. नवशिके नेमके इथे फसतात. उलट बाजूने, फेल्डस्पारच्या टोकाने काचेच्या तुकड्यावर चरा पडतो, आणि गारगोटीने फेल्डस्पारवर.

दुसरं, थोडी पूड खरवडून त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर कॅल्साइट. फेल्डस्पार लिंबाला दाद देत नाही.

तिसरं भिंगाचं काम आहे, आणि मला सगळ्यात आवडणारं. स्फटिकाची चमकणारी सपाट बाजू दहापट भिंगाखाली धरून हळूहळू फिरवा. एका विशिष्ट कोनात तिच्यावर अगदी बारीक, समांतर रेघा उमटतात, बारीक फणी ओढल्यासारख्या. त्या दिसल्या तर तो नक्की प्लॅजिओक्लेज. एकच स्फटिक जुळ्या पापुद्र्यांत वाढल्याची ती खूण. पोटॅश फेल्डस्पारवर अशा रेघा नसतात. रेघा दिसल्या नाहीत म्हणून निराश होऊ नका, दगड जुना झालेला असेल तर त्या पुसट होतात.

सिन्नर एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय आधी बघून या, मग डोंगरावर जा. चाळीस खनिजं डोळ्याखालून गेली की डोंगरावरचा एक दगड पटकन ओळखता येतो.

मग इथलाच का वापरत नाही?

फेल्डस्पार हा एक दगड नाही, घराणं आहे. सिलिका आणि ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा) सांगाडा सगळ्यांचा सारखा. त्या सांगाड्याच्या खोल्यांत भाडेकरू कोण, त्यावर नाव ठरतं. पोटॅशियम असेल तर ऑर्थोक्लेज किंवा मायक्रोक्लिन. सोडियम असेल तर अल्बाइट. कॅल्शियम असेल तर ॲनॉर्थाइट. सोडियम आणि कॅल्शियम एकाच घरात कुठल्याही प्रमाणात राहू शकतात, म्हणून अल्बाइटपासून ॲनॉर्थाइटपर्यंत अखंड मालिका होते. तिलाच प्लॅजिओक्लेज म्हणतात. पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून जास्त भाग या एका घराण्याने व्यापलाय. कोजागरीला चंद्राचा जो उजळ भाग बघत आपण दूध पितो तोही मुख्यतः कॅल्शियमवाला प्लॅजिओक्लेज. चांद्रयान-३ च्या रोव्हरने २०२३ मध्ये दक्षिणेकडच्या मातीचं मोजमाप केलं, तेही याच जातीच्या दगडाशी जुळलं.

भट्टीच्या दृष्टीने फरक आहे तो वितळण्यात. शुद्ध अल्बाइट १,११८ अंश सेल्सिअसला वितळतो. ऑर्थोक्लेज १,१५० च्या आसपास विरघळायला लागतो, पण सावकाश, घट्ट चिकासारखा. ॲनॉर्थाइटला १,५५३ अंश लागतात. आपल्या बेसॉल्टमधला फेल्डस्पार मालिकेच्या मधला, बहुधा लॅब्राडोराइटच्या आसपासचा, कॅल्शियमकडे झुकलेला. ज्या कामासाठी कुंभार फेल्डस्पार घेतो, म्हणजे बाकीच्या मातीला कमी तापमानात वितळवायला, त्या कामाला तो कच्चा पडतो. त्यात तो लोखंडाच्या खनिजांत इतका गुंतलेला असतो की वेगळा काढणं परवडत नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये लोखंडाची ऑक्साइडं १२–१४ टक्के असतात आणि पोटॅश एक टक्काही नाही. पांढऱ्या चिनीमातीला अर्धा टक्का लोखंडही डाग पाडतं.

राजस्थानात खडक वेगळा आहे. अजमेर, भिलवाड्याकडच्या जुन्या खडकांत पेग्मटाइटच्या शिरा आहेत: ग्रॅनाइटचा रस थंड होताना शेवटी उरलेला पाणीदार भाग, ज्यात हातभर स्फटिक वाढतात. तिथे फेल्डस्पार जवळजवळ निवडूनच ठेवलेला असतो. फोडला, हाताने वेचला, दळला, गोणीत भरला. याच शिरांत लिथियम आणि बेरिलसारखी खनिजंही असू शकतात. २०१५ पासून फेल्डस्पार गौण खनिजांत होता. २० फेब्रुवारी २०२५ च्या अधिसूचनेने केंद्राने बराइट, अभ्रक, क्वार्ट्झ यांच्यासोबत तो प्रमुख खनिजांत आणला, त्याचं कारण हेच.

ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांच्यासाठी एक आडवळण. बेसॉल्टमधला प्लॅजिओक्लेज पावसाने कुजतो, म्हणजे खरोखर त्याची चिकणमाती होते. आपली काळी जमीन फुगते, भेगाळते ती अशा कुजण्यातून बनलेल्या स्मेक्टाइट मातीमुळे. आणि सुटलेलं कॅल्शियम कमी पावसाच्या भागात जमिनीतच साचून चुनखडीचे खडे होतात. चुनखडीच्या जमिनीत वेलीची कोवळी पानं पिवळी पडतात, कारण लोह असूनही मुळांना मिळत नाही. जास्त पावसाच्या कोकणात मात्र सगळं धुऊन जातं आणि फेल्डस्पारमधून उरतो केओलिन, म्हणजे चायना क्ले. आई एकच, पाऊस वेगळा.

गोणी विकत घेताना

आता माझ्या कामाचं. बाजारात दोनच प्रकार मागा: पोटॅश किंवा सोडा. ‘मिक्स’ म्हटलं की सोडून द्या. टाइल्सवाल्यांना सोडा हवा असतो, कारण तो पटकन वितळून छिद्रं बुजवतो; मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइलने अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषायचं तर वितळलेला फेल्डस्पारच लागतो. विजेच्या खांबावरचे पांढरे इन्सुलेटर मोघम हिशेबात अर्धी माती, पाव फेल्डस्पार, पाव क्वार्ट्झ. काचेच्या कारखान्यात तो ॲल्युमिनासाठी जातो. बाटलीच्या काचेत दीड-दोन टक्के ॲल्युमिना असला की काच टिकाऊ होते आणि पाण्याने धुरकटत नाही. आपल्याकडच्या वाइनच्या बाटल्या हिरव्या-तपकिरी असल्याने त्यांना थोडं लोखंड चालतं. हाताने काम करणाऱ्याला पोटॅश बरा: तो वितळला तरी घट्ट राहतो, ओघळत नाही.

दुकानदाराकडून लॉटचा केमिकल रिपोर्ट मागा. ‘वो तो कंपनी के पास है’ म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. रिपोर्टमध्ये चार ओळी वाचायच्या.

- पोटॅश स्पारमध्ये पोटॅशियम ऑक्साइड १० टक्क्यांच्या वर हवं. शुद्ध खनिजात ते १६.९ टक्के असतं, पण बाजारात तेवढं मिळत नाही.
- सोडियम ऑक्साइड पोटॅशपेक्षा स्पष्ट कमी. इथे आकडे उलटे दिसले तर गोणीवर काहीही लिहिलेलं असो, तो सोडा आहे. माझ्या चार वाट्या या ओळीने वाचल्या असत्या.
- ॲल्युमिना १७–१८ टक्क्यांच्या आसपास. फारच कमी असेल तर आत क्वार्ट्झ मिसळलंय.
- लोखंड जितकं कमी तितकं चांगलं. ०.१ च्या आसपास असेल तर पांढऱ्या कामाला उत्तम.

बारीकपणा २०० मेश (मेश म्हणजे चाळणीच्या जाळीचा नंबर, जितका मोठा तितकी पूड बारीक). आणि मास्क. फेल्डस्पारची पूड निरुपद्रवी दिसते, पण तिच्यात क्वार्ट्झची धूळ असतेच आणि ती फुप्फुसात बसली की निघत नाही. एन-९५ लावा, केरसुणी मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

बटण टेस्ट

रिपोर्ट काहीही सांगो, नव्या गोणीची ही परीक्षा मी चुकवत नाही. खर्च शून्य, पुढच्या भाजणीत कोपऱ्यात ठेवायचं.

पन्नास ग्रॅम पूड पाण्यात कणकेसारखी भिजवा. ती चिकट होत नाही, कारण ही माती नव्हे, दळलेला दगड आहे. बाटलीच्या झाकणात दाबून बटण करा, वाळू द्या, उलटं करून काढा. शेजारी जुन्या, खात्रीच्या गोणीचं बटण ठेवा. दोन्ही बटणं बिस्क केलेल्या, म्हणजे ग्लेझ न लावता एकदा भाजलेल्या, तुकड्यावर, खाली चायना क्लेचा जाड थर लावून. १,२५० ला पोटॅशच्या कडा गोलावतात, रंग दुधाळ, उंची बरीचशी टिकते. सोडा जास्त बसतो, जास्त चमकतो, काचेसारखा पारदर्शक व्हायला लागतो. काळे-तपकिरी ठिपके म्हणजे लोखंड. बटण वितळलंच नाही, नुसतं खडूसारखं राहिलं, तर आत भलतंच काही आहे.

पहिलं ग्लेझ

१,२८० च्या भाजणीसाठी जुनं, सगळीकडे चालणारं प्रमाण: पोटॅश फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ ३०, व्हाइटिंग (चुनखडीची बारीक पूड) २०, चायना क्ले १०. लक्षात ठेवायला सोपं. वजनाने मोजा, वाटीने नको. आधी बादलीत पाणी, मग पूड. उलटं केलं की गुठळ्या होतात. रात्रभर भिजू द्या, मग चाळणीतून दोनदा गाळा. साईसकट दुधाएवढं दाट असलं की वाटी तीन मोजेपर्यंत बुडवायची.

फेल्डस्पार तळाला बसतो, आणि बसला की सिमेंटसारखा. दोन टक्के बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) कोरड्या पुडीतच मिसळून ठेवा. तरी बसला तर मेडिकलमधलं एप्सम मीठ चिमूटभर कोमट पाण्यात विरघळवून घाला आणि ढवळा, घोळ थोडा दाटतो आणि पुन्हा घट्ट बसत नाही.

भाजून आल्यावर ग्लेझवर जाळीसारखे तडे दिसले तर फेल्डस्पार जास्त झालाय. थंड होताना तो मातीपेक्षा जास्त आकसतो. पाच भाग फेल्डस्पार कमी करून तेवढं क्वार्ट्झ वाढवा. तडे गेलेल्या बरणीत लोणचं घालू नका, रस मातीत मुरतो.

आणि शेवटी क्रशरची डस्ट

इतकं वाचल्यावर इथला दगड अगदीच निरुपयोगी वाटेल. पांढऱ्यासाठी आहेच. पण लोखंड हा दोष असेल तर काळ्या-तपकिरी ग्लेझमध्ये तोच गुण. शिवाय बेसॉल्टमधलं लोखंड, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडा हे सगळं मिळून अख्खा दगडच १,२५० च्या आत-बाहेर वितळतो, जरी त्याच्यातला फेल्डस्पार एकटा तितक्यात वितळला नसता.

खडी क्रशरवर डस्ट घ्यायला गेले तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं, “ताई, अर्धी पिशवी? घर बांधताय का कोंबड्यांचा खुराडा?”

“नाही हो दादा, वाट्यांना लावायची आहे.”

“दगड? वाटीला?” पैसे काही घेतले नाहीत त्याने.

डस्ट आधी धुवा, वरचं गढूळ पाणी वेगळ्या बादलीत ओता आणि तेच निवळू द्या. आपल्याला हवा तो सगळ्यात बारीक गाळ, जाड कण नकोत. वाळवून १०० मेशमधून गाळा, बॉल मिल (आत गोट्या असलेलं, फिरवून दळणारं पिंप) असेल तर दोन तास फिरवा. सुरुवात बेसॉल्ट ७०, पोटॅश फेल्डस्पार २०, चायना क्ले १०. ओघळण्याची शक्यता धरूनच चला: वाटीच्या तळापासून बोटभर जागा कोरी सोडा आणि खाली मातीची बशी ठेवा. पातळ लावलं तर गुळासारखा तपकिरी, जाड लावलं तर काळा येतो, कडेला गंजाची झाक. प्रत्येक क्रशरची डस्ट वेगळी वागते, म्हणून टेस्ट टाइलशिवाय वाटीला हात लावू नका. आणि टाइलच्या मागे नंबर पेन्सिलीने लिहू नका, तो भाजणीत उडून जातो. आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून काडीने लिहा.